वाकड्या चालीच्या दोन मात्रा

टीटर्स रन, वेस्ट व्हर्जिनिया
९ एप्रिल १९७७

ओकी,

पत्राच्या आरंभी ‘प्रिय’ लिहिण्याचा प्रघात आहे. तो शब्द मी वगळला आहे, कारण ज्याला प्रमाण देता येत नाही असे विधान मी पहिल्याच ओळीत करत नाही. बाबांच्या अंत्यविधीनंतर तू ओहायोत, ॲक्रनला परत निघून गेलास. त्यानंतर तुझ्याकडून मला काही आलेले नाही. नाताळची कार्डे येतात, पण अक्षर ल्युर्लीनचे असते. तुझ्या बायकोच्या सौजन्यावरून तुझ्या मनाविषयी अनुमान काढणे तर्काला धरून होणार नाही.

लिहिण्याचे कारण असे. २० जूनला, राज्याच्या वाढदिवशी, कोर्टासमोरच्या हिरवळीवर एक शिळा बसवली जाणार आहे. तिच्यावर ‘टीटरचा निरोप’ या आपल्या घरातल्या चालीचे मूळ कोरायचे आहे. समितीचा अध्यक्ष डेल्बर्ट स्पोनॉगल आहे. ज्याच्या बापाच्या दुकानातून तू काकवी चोरायचास तोच. आता तो मोटारी विकतो, आणि कोणतीही गोष्ट गिऱ्हाईक उभे आहे असे समजून बोलतो. त्याने आणलेला मजकूर येथे देते: ‘ही चाल ॲब्सलम टीटर यांनी फाशी जाण्याच्या आदल्या रात्री तुरुंगात रचली.’ घरातली वडीलधारी म्हणून त्यावर माझी संमती हवी होती.

मी त्याला म्हटले, “डेल्बर्ट, पणजोबा घशाच्या दुखण्याने वारले. बिछान्यात. आजीने स्वतः त्यांच्या गळ्याला कांद्याचे पोटीस बांधले होते.”

“असेल हो. पण कांद्याचं पोटीस दगडावर कसं दिसेल?”

“खरं दिसेल.”

“टीटरबाई, तुमच्या पणजोबाला फासावर चढवताना तुमचं काय जातं? त्यांचं तर काहीच जात नाही आता.”

फासावरच्या फिडलवाल्याची ही कथा प्रत्येक तालुक्यात सांगितली जाते, आणि प्रत्येक ठिकाणी फिडलवाला तेवढा निराळा असतो. जे विधान सर्वांना सारखेच लागू पडते ते कोणाविषयीच काही सांगत नाही. मी संमती दिली नाही. डेल्बर्ट म्हणाला, मग खरे काय ते तुम्हीच शोधून द्या, दगड कोरणारा मे अखेरपर्यंत थांबेल. ते काम मी स्वीकारले आहे.

म्हणून तुझ्याकडे दोन मागण्या. पहिली: ही चाल आपल्या घरात कोठून आली याविषयी बाबा तुला काही बोलले असतील तर ते कळव. मला ते काही सांगत नसत. मला त्यांनी लॅटिन शिकायला पाठवले आणि फिडल तुझ्या हाती दिली. दुसरी: २० जूनला ये, आणि ती चाल बाबांच्या पद्धतीने वाजव. तशी ती वाजवणारा जगात तुझ्यावाचून कोणी उरलेला नाही. ही स्तुती नाही, गणती आहे.

‘बाबांच्या पद्धतीने’ म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे. चालीच्या जाड भागाच्या, म्हणजे खालच्या तारांवरच्या भागाच्या, शेवटी, जिथे कोणतीही सरळ चाल संपते, तिथे बाबा खर्जाच्या तारेवर गज दोनदा ओढत. दोन मात्रा जास्त. नाचणाऱ्यांचा पाय हवेत राही आणि परगावचा माणूस हमखास अडखळे. म्हणूनच लोक तिला वाकडी चाल म्हणत. तुझ्या रेकॉर्डवर त्या दोन मात्रा नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्येही नव्हत्या. ‘ही ती चाल नाही’ असे मी पहिल्या बाकावरून सर्वांदेखत म्हणाले, आणि ते विधान मी आजही मागे घेत नाही.

उत्तराची वाट पाहते.

हेस्टर

२८ एप्रिल १९७७

ओकी,

तुझे कार्ड मिळाले. पूर्ण मजकूर: ‘ॲब्सलमला फाशी द्या. ओकी.’

इतक्या वर्षांनंतरच्या पहिल्या पत्रात चार शब्द म्हणजे काटकसर आहे. तरी चारही माझ्यासाठी लिहिलेले आहेत, याची मी नोंद घेतली.

तुझी बाजू मला कळत नाही असे समजू नकोस. ल्युर्लीनने एका नाताळला तुझी रेकॉर्ड पाठवली होती. तिच्या वेष्टनावर वधस्तंभाचे चित्र आहे आणि खाली तू, फिडल घेऊन, दात दाखवत. टायरच्या कारखान्यात तुला सगळे ‘फाशीवाल्याचा पणतू’ म्हणतात, तुझ्या गोष्टीवर तुला बिअर पाजतात, हेही तिनेच लिहिले होते. रबराच्या वासात आयुष्य काढणाऱ्या माणसाला आपल्या मागे एक वधस्तंभ असणे सुखाचे वाटत असेल. तो मी काढून घेतला तर तू येणार नाहीस, हे मी जाणते. कार्डावर तू तेच लिहिले आहेस, फक्त कमी शब्दांत.

परंतु शोध चालू आहे. विद्यापीठातून एक प्राध्यापक आले होते. त्यांचे म्हणणे, ही चाल स्कॉटलंडची आहे. अग्निशमन दल दर वसंतात गावाला रानलसणाचे जेवण घालते, त्यात आम्ही शेजारी बसलो होतो. रानलसूण खाल्लेल्या माणसाशी चर्चा करताना हाताचे अंतर ठेवावे लागते. तेवढ्या अंतरावरून त्यांनी मला आपल्या चालीचा बारीक भाग शिट्टीवर ऐकवला, आणि मग दोन शतकांपूर्वीचा एक स्कॉटिश नाच. साम्य निर्विवाद आहे.

“आणि जाड भाग?” मी विचारले.

“तो तिकडे सापडत नाही.”

“मग अर्धी चाल स्कॉटलंडची.”

“अर्धी म्हणजे जवळजवळ पूर्णच की, टीटरबाई.”

पलीकडून आयसी मुलेनॅक्स बटाटे वाढता वाढता म्हणाली, “अर्धा नवरा म्हणजे जवळजवळ पूर्णच, असं मीही एकदा धरून चालले होते.” टेबल हसत सुटले आणि प्राध्यापकांनी आणखी बटाटे घेतले.

बारीक भाग वरच्या तारांवरचा, म्हणून तो दुरून येताना सांडत नाही. बाजारात, बोटीवर, लग्नात कोणीही उचलावा. जाड भाग खालच्या तारांवरचा, आणि वाकडेपणा त्याच्यातच आहे. वाकडेपणा कोठून आला हे कळल्याशिवाय चाल कोठून आली हे कळणार नाही, असे माझे गृहीतक आहे. बाबांची चूक, किंवा त्यांच्या आज्याची चूक, हे स्पष्टीकरण पुरे नाही. चूक असती तर कोणीतरी ती सुधारली असती. तू सुधारलीस तशी.

समितीकडे ओहायोतून एका बाईंचे पत्र आले आहे: मिस वॅश्टी बॅनिस्टर, कोलंबस शहरातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या लिहितात की ही चाल टीटरांची नाहीच. डेल्बर्टने ते पत्र दोन बोटांत धरून माझ्याकडे आणले. मी त्यांना यायला सांगितले आहे.

हेस्टर

१६ मे १९७७

ओकी,

हे पत्र बसून वाच.

मिस बॅनिस्टर काल आल्या. हिरवी मोटार, पांढरे हातमोजे, आणि ओसरीच्या पायरीवरच हे वाक्य:

“टीटरबाई, मी भांडायला आलेय. कॉफी नंतर.”

“भांडणाला मुद्दे लागतात.”

“ते आणलेत. कॉफीच तेवढी आणली नाही.”

मला ती बाई तत्क्षणी आवडली. हे प्रमाणात धरले जाऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या कृष्णवर्णीय आहेत, माझ्याहून थोड्या लहान, आणि त्यांनी जन्मभर गणित शिकवले. त्यांनी कोलंबसच्या रेडिओवर तुझी रेकॉर्ड ऐकली. “मी इस्त्री करत होते,” त्या म्हणाल्या, “आणि आमच्या आत्याचं गाणं लागलं. माझ्या अंगावर काटा. पुढे निवेदक म्हणतो, टीटरचा निरोप! मी म्हटलं, कोण टीटर? आणि निघाला कुठे?”

त्यांच्या घरात या चालीला ‘होडी सुटली का’ म्हणतात. त्यांच्या आजोबांचे वडील, रॅन्सम बॅनिस्टर, खाली नदीच्या उतारावर, होडीने पलीकडे जाण्याच्या जागी, होते, जिथे आता लोखंडी पूल आहे. आधी उताराच्या मालकाचे गुलाम म्हणून, यादवी युद्धानंतर स्वतःच्या जोरावर. या काठावर घंटा आणि छप्पर रॅन्समकडे. पलीकडच्या काठावर होडी आणि गाईचे शिंग त्यांच्या भावाकडे, प्रायमसकडे. उतारू आले की रॅन्सम घंटा वाजवी. पलीकडून शिंग वाजले की समजायचे, ऐकले, होडी सुटली. नदीवर सकाळी धुके असते, तुला माहीत आहे. समोरचे काही दिसत नाही. तेव्हा शिंग वाजेपर्यंत रॅन्सम फिडल वाजवत बसे.

मी आक्षेप घेतला. “उतारूंना बोलवायला घंटा होती, उत्तराला शिंग होतं. मग फिडल कशासाठी?”

“कंटाळा येतो म्हणून. टीटरबाई, तुमच्याकडे सगळं कशासाठीतरीच करतात का?”

त्यांना मी चाल गायला सांगितली. त्या म्हणाल्या, आत्या ही चाल पोळपाटावर गुणगुणायची, बिस्किटांचे पीठ लाटताना. त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हात लाटण्यासारखे धरले आणि गुणगुणू लागल्या. बारीक भाग तोच. जाड भाग तोच, ओकी. बाबांचाच, एकाही स्वराचा फरक नाही. आणि शेवटाला त्यांनी हात उचलले, लाटणे हवेत धरावे तसे, आणि गप्प झाल्या.

त्या गप्प झाल्या त्याच जागी माझे बोट टेबलावर दोनदा आपटले आणि माझ्या घशातून खर्जाचा आवाज निघाला. तो मी काढला असे म्हणणे अचूक होणार नाही. मी कधी कोणापुढे गायलेली नाही, हे तू जाणतोस.

“हे काय केलंत?” त्या म्हणाल्या.

“बाबा असंच वाजवायचे. इथे आम्ही खर्ज ओढतो.”

“इथे आम्ही गप्प असतो. आत्या लाटणं उचलून धरायची आणि खिडकीबाहेर बघायची. का बघते, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या आईनं बघितलं म्हणून ती बघायची. ती जन्मली तेव्हा तिथे पूल होऊन गेला होता.” मग त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. “आणखी एकदा करू या. मी थांबते तिथे तुम्ही तेच करा.”

आम्ही पुन्हा केले. माझा आवाज कसा आहे याविषयी त्यांनी मत दिले नाही.

“ते शिंग आहे,” त्या म्हणाल्या. “बाई, तुम्ही लोक शिंग वाजवताय.”

आता तर्क क्रमाने मांडते. रॅन्सम ऐकण्यासाठी गज थांबवी: होडी सुटली का? भावाला ती जागा माहीत होती, आणि तो बरोबर त्या फटीत शिंग फुंकी. पणजोबा डुकरांचे कळप घेऊन बाजाराला जात, आणि त्या उतारावर धुके निवळेपर्यंत त्यांना बसावे लागे. त्यांनी चाल ऐकली. फिडल या काठावरची आणि शिंग त्या काठावरचे, हा भेद त्यांनी केला नाही. जे कानावर पडले ते सगळे चालच समजून घरी आणले आणि शिंगाचा आवाज खर्जाच्या तारेवर बसवला. ही चूक घरात बसून होत नाही. ती फक्त काठावर वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातून होते.

बॅनिस्टरांनी थांबणे जपले, टीटरांनी उत्तर. दोन्ही घराण्यांना वाटत होते की आपल्याकडे चाल आहे.

यातून माझ्यावर एक गोष्ट येते, ती लिहून टाकते. चर्चमध्ये मी म्हणाले, ‘ही ती चाल नाही’. विधान खरे होते. पण ‘ती’ कोणती, हे मलाही ठाऊक नव्हते. तू त्या दोन मात्रा काढल्यास तेव्हा एक उत्तर काढलेस, हे तुला माहीत नव्हते. ते उत्तर आहे हे मला माहीत नव्हते, आणि बाबांनाही नाही. मी निकाल फिरवत नाही; त्याची कारणे बदलते.

त्या निघताना मी विचारले की शिंग वाजल्यावर उतारू काय करत. त्या म्हणाल्या, “काठ सोडायचा नाही, एवढंच. शिंग वाजलं आणि तुम्ही निघून गेलात, तर पलीकडचा माणूस फुकट वल्ही मारत येतो. पुढच्या वेळी तो शिंग फुंकत नाही.”

कॉफी त्या दोन कप प्यायल्या.

हेस्टर

३ जून १९७७

ओकी,

ल्युर्लीनचा दूरध्वनी आला होता. माझे मागचे पत्र तू वाचलेस आणि शेगडीत घातलेस. आधी वाचलेस, हे तिने दोनदा सांगितले. तुझे म्हणणेही तिने जसेच्या तसे पोचवले: “मास्तरीणबाईंना सांग, आमच्या घराला सांगण्यासारखं एकच होतं, तेही तिनं पाहुणीला कॉफीबरोबर देऊन टाकलं.”

मी तिला म्हटले, ती पाहुणी नव्हे. आणि पुढे?

ल्युर्लीन म्हणाली, “पुढे काही नाही, हेस्टर. तो तळघरात जाऊन बसला. फिडलची पेटी खालीच असते.”

“उघडली का?”

“मी बायको आहे, हेर नाही.”

तिला मी आणखी काही विचारले नाही.

मिस बॅनिस्टर मधल्या काळात शिंग घेऊन आल्या. त्यांच्या आत्या त्यात विणण्याच्या सुया ठेवत. चर्चमधल्या पियानोशेजारी उभे राहून त्यांनी ते वाजवले. पहिल्यांदा धूळ आली, दुसऱ्यांदा आवाज. बाबा खर्जाची तार चढवून घेत तिथे तो सुमारे बसतो. ‘सुमारे’ हा शब्द मी निष्कर्षात ठेवला आहे. डेल्बर्टला तो दगडावर नको होता.

समितीची बैठक लांबली. डेल्बर्टने सगळे ऐकून घेतले आणि त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांसाठी ही गुप्त खूण होती! असं लिहू. हे फाशीपेक्षा भारी.”

मिस बॅनिस्टर म्हणाल्या, “साहेब, माझ्या पणजोबांनी जन्मभर माणसं पलीकडे धाडली. त्यात एखादा पळालेला असेलही. ते मला सिद्ध करता आलं तर मी स्वतः छिन्नी घेऊन येईन. पण फिडल ते कंटाळा येतो म्हणून वाजवायचे.”

“कंटाळा दगडावर कसा कोरायचा?”

“तुम्ही अध्यक्ष आहात. तुमच्या बैठकीसारखा.”

शेवटी मजकूर असा ठरला: ‘ही चाल खालच्या उतारावर घंटा सांभाळणारे रॅन्सम बॅनिस्टर वाजवीत. तिचा बारीक भाग दूर देशाचा असावा. तिच्यातले उत्तर पलीकडच्या काठावरून प्रायमस बॅनिस्टर देत. ॲब्सलम टीटर यांनी वाट पाहताना ती ऐकली आणि घरी आणली.’ ‘रचली’ हे क्रियापद मी कोणालाही लावू दिले नाही. रॅन्सम यांनाही नाही. मिस बॅनिस्टर त्यावर माझ्याशी चांगल्या भांडल्या, आणि ‘वाजवीत’वर आल्या. जी गोष्ट इतक्या जणांनी थांबून थांबून केली तिला एक करणारा नसतो, असे आमचे दोघींचे मत पडले. मजकूर दगड कोरणाऱ्याकडे ३१ मेला गेला. तुझ्या संमतीसाठी मी थांबले नाही, कारण तू ती दिली नसतीस आणि मला तो तुझा नकार डावलून पाठवावा लागला असता.

याची किंमत काय, हे मला स्वच्छ दिसते. तुझा वधस्तंभ गेला. त्याच्या जागी धुक्यात डुकरे राखत बसलेला एक माणूस आला, ज्याचे कान चांगले होते आणि ज्याला काही उमगले नाही. त्याच्यावर तुला कोणी बिअर पाजणार नाही. मी मात्र ॲब्सलमचा विचार पूर्वीपेक्षा अधिक करते. फासावरचा माणूस चाल रचतो तेव्हा सगळे लक्ष त्याच्याकडे असते. हा माणूस कोणाचे लक्ष नसताना लक्ष देत होता. बाबांमध्ये तो गुण होता. तुझ्यातही होता, लहानपणी; तू आपल्या अंगणातल्या फाटकाच्या बिजागरीच्या कुरकुरीवरून कोण आले ते सांगायचास.

२० तारखेला मिस बॅनिस्टर चाल गुणगुणतील. मी सुचवले की थांबण्याच्या जागी त्यांनी शिंग वाजवावे. त्या म्हणाल्या, “शिंग मी वाजवणार नाही. ते पलीकडच्या माणसाचं काम.” पलीकडचा माणूस कोण, हा प्रश्न समितीने माझ्यावर सोपवला आहे. मी कोणाचे नाव दिलेले नाही.

ॲक्रनमधले लोक वाकड्या चालीवर नाचताना पडतात म्हणून तू ती सरळ केलीस, असे तू त्या काळी बाबांना म्हणाला होतास. मी दाराआड ऐकले होते. बाबा काय म्हणाले होते तेही मी ऐकले: “पडू दे की. उठतील.” नंतर ते हसले होते. तू तेव्हा निघून गेला होतास, म्हणून सांगते. ते रागावलेले नव्हते, ओकी. रागावले होते ते इतरजण.

हेस्टर

२१ जून १९७७

प्रिय ओकी,

काल घडले ते क्रमाने लिहिते. तू तेथे होतास. परंतु तू मागे होतास आणि मी पुढे, तेव्हा दोन साक्षी निराळ्या पडतील.

डेल्बर्टचे भाषण लांबले. राज्य, पूर्वज, डोंगर, आणि नव्या मोटारींवरची सवलत हे विषय त्याने एकाच श्वासात घेतले. चादर काढल्यावर लोकांनी मजकूर वाचला. काही कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणाले, “आणि फाशी?” आयसी मुलेनॅक्स मोठ्याने म्हणाली, “रद्द झाली. घरी जा.” टीटरांपैकी दोघे-तिघे हिरवळ सोडून गेले. त्यांची नावे तुला माहीत आहेत, आणि त्यांच्यावाचून नदी वाहणार आहे.

मग मिस बॅनिस्टर ध्वनिक्षेपकापाशी आल्या. त्यांनी हातमोजे काढून पर्समध्ये ठेवले आणि हात लाटण्यासारखे धरले. बारीक भाग, जाड भाग. आणि हात उचलून त्या थांबल्या.

काही झाले नाही. दोन मात्रा पुष्कळ मोठ्या असतात.

त्यांनी पुन्हा आरंभ केला. शेवटाला पुन्हा हात वर, आणि पुन्हा काही नाही. एक मूल रडले आणि त्याला गप्प केले गेले. डेल्बर्ट माझ्याकडे पाहत होता. मिस बॅनिस्टर माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या आमच्या सर्वांच्या डोक्यांवरून, हिरवळीच्या मागच्या टोकाला असलेल्या जुन्या तोफेच्या दिशेने पाहत होत्या, त्यांची आत्या खिडकीबाहेर पाही तशा. तेव्हा मला भीती वाटली, आणि ती कशाची हे मला अचूक सांगता येते. त्या तिसऱ्यांदा आरंभ करतील आणि उत्तर द्यायला माझाच घसा उघडेल, असे मला वाटले. ते खोटे झाले असते. मी याच काठावर उभी होते.

त्यांनी तिसऱ्यांदा आरंभ केला. त्या थांबल्या, आणि तोफेच्या बाजूने खर्जाच्या तारेवर गज दोनदा ओढला गेला.

त्या आवाजाच्या आत एक सुकी खुळखुळ होती. खुळखुळ्या सापाची, रॅटलस्नेकची, वाळलेली शेपटी फिडलच्या पोटात टाकून ठेवणारे वादक पुष्कळ आहेत. परंतु ती शेपटी बाबांनी माझ्यादेखत टाकली होती, आणि खर्ज ओढला की ती कशी सरकते हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. या एका बाबतीत मी प्रमाण मागितले नाही.

पुढे तू पूर्ण चाल वाजवलीस, त्या गुणगुणत राहिल्या, आणि दर वेळी त्या थांबल्या तिथे तू होतास. प्राध्यापक पुढच्या रांगेत पायाने ठेका धरत होते. तो दर वेळी चुकला. आयसीने नाचायला सुरुवात केली, पडली, आणि उठली. बाबा म्हणाले होते तसेच.

मी वळून पाहिले नाही. पाहिले असते तर तू थांबला असतास, असा माझा अंदाज होता. तो तपासण्याची जोखीम मी घेतली नाही. चाल संपल्यावर वळले, तेव्हा तोफेजवळ कोणी नव्हते. डेल्बर्ट घाम पुसत आला.

“टीटरबाई, ओहायोची पाटी असलेली गाडी पुलावरून गेली! तुमचा भाऊ न जेवता गेला हो!”

“त्याने उत्तर दिलं, डेल्बर्ट. जेवण नंतरचं.”

“नंतर म्हणजे कधी?”

मिस बॅनिस्टर हातमोजे चढवत होत्या. “शिंग वाजलं, साहेब,” त्या म्हणाल्या. “आता वल्ही मारायला वेळ लागतोच.”

त्या रात्रीपर्यंत माझ्याकडे थांबल्या. जाताना शिंग माझ्याकडे ठेवून गेल्या. म्हणाल्या, तिकडे त्यात सुयाच राहतात. ते ओसरीच्या खिळ्याला टांगले आहे. ते मी वाजवणार नाही. ते या काठाचे नाही.

तू चाल घेऊन आलास, वाद घेऊन आला नाहीस, आणि निघून गेलास. ॲक्रन फार दूर नाही, आणि पुलावरून गेलेली गाडी पुलावरूनच परत येते. यातून मी कोणताही निष्कर्ष काढत नाही. एवढेच कळवते की मी ऐकले. माझे गुडघे पूर्वीसारखे नाहीत, त्यामुळे मला उभे राहता येत नाही; मी बसते. ओसरीवर दुसरी खुर्ची आहे. बिजागरीला मी तेल घातलेले नाही.

मी काठ सोडलेला नाही.

तुझी
हेस्टर